पोलीस वसाहतीतला स्मृतिफलक: प्रकल्प नोंदी, फेब्रुवारी ते नोव्हेंबर २०२५

१२ फेब्रुवारी. जुन्या फलकाची पाहणी

दादर-नायगाव पट्ट्यातली पोलीस वसाहत. मैदानाच्या कडेला, कर्तव्यावर प्राण गेलेल्या इथल्या पोलिसांच्या नावांचा संगमरवरी फलक आहे: ९०० बाय ६०० मिमी, जाडी २० मिमी, भिंतीवर थेट सिमेंटने चिकटवलेला. अक्षरं खोदून खाचेत शिसं ठोकून भरलंय. ही जुनी आणि चांगली पद्धत. शिसं मऊ असल्यामुळे खाचेत गच्च बसतं, पण खाचेची कड झिजली की पकड सुटते. ११ पैकी ४ नावांतली अक्षरं गळून पडलीत. एका नावात आडनावाची फक्त वेलांटी आणि शेवटचा 'र' शाबूत आहे.

कड झिजली ती ॲसिडमुळे. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. २१ ऑक्टोबरच्या पोलीस स्मृतिदिनाच्या आधी फलक 'चकाचक' करण्यासाठी दरवर्षी ॲसिडने धुतला गेला. ॲसिड टाकल्यावर जो फेस येतो तो मळ निघाल्याचा नसतो, दगडच विरघळत असतो. खालच्या बाजूची तपकिरी छटा मागच्या लोखंडी खुंट्या गंजल्याची. मधले काळपट डाग पणत्यांच्या तेलाचे.

नवा फलक उभारला तरी हा टाकायचा नाही, हे पहिल्याच बैठकीत ठरलं. तो समाजमंदिरात, छताखाली, लाकडी चौकटीत ठेवायचा. तेलाच्या डागांवर मुलतानी माती ॲसिटोनमध्ये कालवून बोटभर जाड थर द्यायचा, वर प्लॅस्टिक लावून २४ तास ठेवायचा, मग प्लॅस्टिक काढून माती पूर्ण वाळू द्यायची आणि लाकडी पट्टीने खरवडायची. माती वाळताना तेल ओढून घेते. ओली असतानाच पुसली तर तेल पुन्हा दगडात उतरतं. जुने डाग दोन-तीन थरांत जातात. ॲसिटोन पेट घेतं, म्हणून काम उघड्या खिडकीशी आणि आसपास पणती-उदबत्ती नसताना. गळलेल्या अक्षरांत नवं शिसं भरायचं नाही; आहे ते जपायचं.

२६ फेब्रुवारी. कोणाची नावं

दगडाआधी यादी. स्मारकाच्या कामात सगळ्यात जास्त वाद इथेच होतो आणि तो इथेच संपवलेला बरा, कारण कोरल्यावर खोडता येत नाही.

कोणत्या दलाचा माणूस घ्यायचा? शशांक शिंदे २६ नोव्हेंबर २००८ ला सीएसटी स्थानकात गेले, ते लोहमार्ग पोलिसांचे निरीक्षक. त्याच हल्ल्यात ताज हॉटेलमध्ये गेलेले राहुल शिंदे राज्य राखीव पोलीस दलाचे. वाहतूक शाखेचे विलास शिंदे यांच्यावर खारमध्ये कामावर असताना हल्ला झाला आणि ३१ ऑगस्ट २०१६ ला त्यांनी प्राण सोडला. तिघेही मुंबईत, कर्तव्यावर. आडनाव एक, दलं तीन. दलाप्रमाणे यादी केली तर तीन वेगळ्या भिंती होतील. म्हणून आमचा निकष साधा ठेवलाय: मृत्यूच्या वेळी जो या वसाहतीत राहत होता, तो कोणत्याही दलाचा असो. पुरावा म्हणून क्वार्टर वाटपाची नोंदवही.

दुसरा प्रश्न मृत्यूच्या कारणाचा. गोळी लागून गेलेला आणि बंदोबस्तावर छातीत कळ येऊन कोसळलेला यांच्यात दगडावर फरक करायचा नाही. कोविडच्या काळात कामावर असताना संसर्ग होऊन गेलेल्यांची वेगळी पाटी करावी अशी एक सूचना होती. ती मान्य केली नाही. शासनाने त्यांच्या वारसांना ५० लाखांचं सानुग्रह साहाय्य दिलं ते कर्तव्यावरचा मृत्यू मानूनच. इथेही ते त्याच रांगेत. कारण कोरायचं नाही. पद, नाव, दिनांक, बस.

क्रम मृत्यूच्या तारखेचा. पदानुसार लावलं तर शिपाई कायम तळाला जातो. अकारविल्हे लावलं तर नवं नाव मध्ये घुसवता येत नाही. तारखेच्या रांगेत उपनिरीक्षकाशेजारी शिपाई येतो आणि पुढचं नाव आपोआप शेवटी येतं.

वार्षिक मुदत ३१ ऑगस्ट. देशपातळीवर २१ ऑक्टोबरला जी नावं वाचली जातात ती आदल्या १ सप्टेंबरपासून या ३१ ऑगस्टपर्यंतची असतात. तीच मुदत धरली की कोरायला सात आठवडे मिळतात.

आजच्या घडीला २४ नावं.

१८ मार्च. पडताळणी

प्रत्येक नावासाठी एक पान. वर बक्कल नंबर (पोलिसाचा ओळख क्रमांक), मग पूर्ण नाव, मृत्यूच्या दिवशीचं पद, नेमणूक, मृत्यूची तारीख, क्वार्टर क्रमांक. प्रत्येक रकान्यापुढे कोणता कागद पाहिला ते. सेवापुस्तक पहिलं, पेन्शनचा आदेश दुसरा, शाळा सोडल्याचा दाखला तिसरा. वर्तमानपत्रातलं कात्रण फक्त तारखेच्या शोधासाठी. नावाच्या लेखनासाठी कात्रण कधीच ग्राह्य नाही.

जिथे हमखास घोळ होतो त्या जागा:

सेवापुस्तक जुनं असेल तर नाव इंग्रजी टंकलेखनातलं असतं. त्यावरून मराठी लिहिताना पाटील-पाटिल, मोरे-मोरये, कऱ्हाडे-कराडे असे प्रकार होतात. ऱ्हस्व-दीर्घ ठरवायचं ते घरच्यांच्या लेखनावरून. व्याकरणाच्या पुस्तकावरून नाही. 'सुनिल' अशी सही करणाऱ्या माणसाचा दगडावर 'सुनील' करायचा नाही.

पद मृत्यूच्या दिवशीचंच. पोलीस नाईक हे पद राज्यात आता राहिलेलं नाही, तरी जो नाईक म्हणून गेला तो दगडावर नाईकच. पोशि, पोना, पोहवा (पोलीस शिपाई, पोलीस नाईक, पोलीस हवालदार) ही लघुरूपं आपल्या रोजच्या वापरातली आहेत, पण ५० वर्षांनी ती कोणी वाचू शकेल याची खात्री नाही. पदं पूर्ण लिहायची.

पदकांचंही तसंच. जानेवारी २०२४ पासून पोलीस पदकांची नावं आणि प्रकार बदलले. आधी मिळालेलं पदक त्या वेळच्या नावानेच येईल.

एकाच नावाचे दोन हवालदार निघाले: वडिलांचं नाव एक, आडनाव एक, वर्षं वेगळी. क्वार्टर नोंदवहीत दोघांची पानं एकमेकांत मिसळली होती. एका घरून त्यांचा पितळी बिल्ला आला. वर्षानुवर्षं ब्रासो लावून आकडे गुळगुळीत झालेत. मधला आकडा ३ की ८ हे समोरून कळत नव्हतं. बिल्ला तिरपा धरून बाजूने बॅटरी मारली तेव्हा डावीकडची उघडी बाजू स्पष्ट दिसली, ३ च आहे. त्या एका आकड्यावर दोन्ही पानं सुटली. झिजलेलं काहीही वाचताना प्रकाश समोरून नको, कडेने घ्यावा.

९ एप्रिल. आराखडा आणि दगड

दिल्लीत चाणक्यपुरीला २१ ऑक्टोबर २०१८ ला खुलं झालेलं राष्ट्रीय पोलीस स्मारक म्हणजे ३० फुटी, २३८ टनांची ग्रॅनाइटची शिळा. देशाच्या स्मारकाला ती भव्यता शोभते. वसाहतीतला फलक शाळेतून येणाऱ्या मुलाच्या नजरेच्या टप्प्यात असला पाहिजे आणि तीन मीटरवरून चष्म्याशिवाय वाचता आला पाहिजे. सगळी मापं त्यावरून काढली.

तीन पट्ट, प्रत्येकी ६०० रुंद, १२०० उंच, ३० मिमी जाड. नावाचं अक्षर शिरोरेषेपासून पायापर्यंत २४ मिमी, खालच्या ओळीत पद आणि दिनांक १४ मिमी. एका नोंदीला ८५ मिमी. १२ नोंदींना १०२०, वर-खाली ९० चं समास, पट्ट पूर्ण. इंग्रजी फलकाचं अंतर मराठीला चालत नाही: वर वेलांटी-रफार आणि खाली उकार असल्यामुळे दोन ओळींत अक्षराच्या उंचीएवढी मोकळी जागा तरी लागतेच, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या मात्रेला भिडतो. दोन पट्टांवर २४ नावं, तिसरा पट्ट मथळ्याचा आणि पुढच्या नोंदींचा.

बाजारात ज्याला काळा ग्रॅनाइट म्हणतात तो बहुतेक वेळा डोलेराइट असतो. घनता ३ च्या आसपास, म्हणजे एक पट्ट जवळपास ६५ किलो. ओट्याला वापरतात तो १६ ते १८ मिमीचा चालणार नाही, कडेत खुंटीचं भोक पाडलं की तडकतो.

दगड घेताना तीन तपासण्या. पांढऱ्या कापडावर ॲसिटोन घेऊन मागून-पुढून घासायचं. कापड काळं झालं तर दगड रंगवलेला आहे आणि दोन उन्हाळ्यांत करडा पडेल. पाणी मारून वाळू द्यायचं. बाकी दगड वाळल्यावरही ओली राहिलेली बारीक रेघ म्हणजे चीर. मग लाकडी मोगरीने ठोकायचं. खणखणीत वाजला पाहिजे, बद्द आवाज आला तर सोडून द्यायचा. आज पाहिलेल्या मालातला एक लॉट ॲसिटोनलाच बाद झाला.

पट्ट सुटे काढता आले पाहिजेत, ही अट आराखड्यातली सगळ्यात महत्त्वाची. मुंबईत जागा कायम राहत नाही. २६/११ च्या हुतात्म्यांचं स्मारक आधी मरीन ड्राइव्हच्या पोलीस जिमखान्यावर होतं, आता आयुक्तालयाच्या आवारात आहे. बीडीडी चाळींचा पुनर्विकास डोळ्यांसमोर चाललाय. ही वसाहतही कधीतरी पाडली जाईल. सिमेंटने चिकटवलेला पट्ट काढताना फुटतो. ब्रॅकेटवरचा पट्ट दोन माणसं पान्याने उतरवू शकतात.

अशोकस्तंभाची राजमुद्रा कोरायची नाही. तिच्या वापरावर २००५ च्या कायद्याने निर्बंध आहेत. पोलीस दलाचं बोधचिन्हही लेखी परवानगीशिवाय नाही. तो अर्ज वेगळा गेलाय, उत्तर आलं नाही तर मथळ्याचा पट्ट फक्त अक्षरांचा. क्यूआर कोडची सूचना आली होती. दगड शंभर वर्षं टिकतो, संकेतस्थळाचा पत्ता पाच वर्षंही टिकत नाही. त्याऐवजी पडताळणीची २४ पानं बांधून नोंदवही करायची, एक प्रत समाजमंदिरात, एक मुख्यालयात.

३० एप्रिल. पाया आणि भिंत

हिंदमाता जवळ, म्हणजे पाणी भरणार हे धरूनच चालायचं. चौथरा जमिनीपासून ४५० मिमी उंच.

१०० मिमी पीसीसी (बिनसळईचं काँक्रीट), त्यावर २६०० बाय ९०० बाय २०० चा पाया, मग २४०० बाय ६०० चा चौथरा, त्यावर २१०० लांब, १५०० उंच, १५० जाड आरसीसी भिंत. विटांची भिंत घेतली नाही कारण बोल्टला विटेत भरवशाची पकड मिळत नाही. काँक्रीटची प्रत एम २५, पीसीसी सोडून सगळं मिळून १.६ घनमीटर, सिमेंट १३ गोणी. सळई १० मिमी, दर १५० मिमीवर, जमिनीखाली सळईवर काँक्रीटचं आवरण ५० मिमी. समुद्राच्या हवेत आवरण कमी पडलं की सळई फुगते आणि काँक्रीट पापुद्र्यासारखं सुटतं. वसाहतीतल्या जुन्या गॅलऱ्यांचे छज्जे पाहिले की पुरावा मिळतो. सळईखाली दगडाचे तुकडे न ठेवता काँक्रीटचे कव्हर ब्लॉक ठेवले.

ताकद तपासायला काँक्रीटचे सहा ठोकळे, म्हणजे क्यूब, भरले. गोणपाट टाकून १० दिवस पाणी. भर उन्हात दुपारी दोनला गोणपाट कोरडं पडतं, तेव्हाच पाणी हवं. सकाळ-संध्याकाळ मारून भागत नाही.

२८ मे

पाऊस २६ तारखेलाच मुंबईत दाखल झाला, नोंदींतला सगळ्यात लवकरचा. भिंतीच्या २८ दिवसांच्या क्यूबची ताकद एम २५ ला लागते त्याच्या वर, त्यामुळे काळजी नाही. बाहेरचं प्लास्टर थांबवलं. ताडपत्री भिंतीला चिकटवून न बांधता बांबूवर फूटभर लांब धरली, नाहीतर आतून घाम सुटून भिंत महिनोन्‌महिने ओली राहते.

२३ जून. अक्षरं

टंक (फाँट) युनिकोडमध्येच. जुन्या श्रीलिपी फाइली दुसऱ्या यंत्रावर उघडल्या की जोडाक्षरांचा खिचडा होतो, आणि स्टेन्सिल (कोरण्यासाठी दगडावर चिकटवायचा अक्षरांचा रबरी साचा) कापणाऱ्याला मराठी येत असेलच असं नाही. अंतिम फाइल कर्व्हमध्ये बदलून द्यायची, म्हणजे अक्षर चित्र होतं आणि बदलत नाही. कर्व्ह केल्यानंतर प्रत्येक नाव पुन्हा वाचायचं, कारण बदलताना रफार सरकतो.

टंकात पाकळीचा ल आणि देठाचा श हवा. बऱ्याच तयार टंकांत हिंदी वळणाची रूपं असतात. 'ऱ्ह' आणि 'ऱ्य' मधला चंद्रकोरीसारखा अर्धा र नीट येतो का ते तपासायचं. तीन आडनावांत तो आहे.

रेषेची जाडी मोठ्या अक्षरात ३ मिमी, लहानात २. त्याहून बारीक गेलं की कोरताना दाण्याच्या माऱ्यात स्टेन्सिल टिकत नाही.

पूर्ण मापाचा छाप ट्रेसिंग कागदावर काढून २४ घरी नेला. प्रत्येक घराने आपल्या नावापुढे सही केली. दोन ठिकाणी बदल आला: एका महिला शिपायाचं सेवापुस्तकातलं नाव माहेरचं होतं, घरच्यांना आणि तिच्या सहकाऱ्यांना ती सासरच्या नावाने माहीत. शेवटी नोकरीत नाव बदलल्याचं राजपत्र सापडलं, त्यातलं नाव धरलं. दुसरीकडे वडिलांच्या नावातला 'राव' हवा होता. दाखल्यात होता, घेतला. गावी राहणाऱ्या घरांना छाप टपालाने पाठवला. मोबाइलवर फोटो पाठवून सही घेणं टाळलं, छोट्या पडद्यावर अनुस्वार दिसत नाही.

१७ जुलै. नमुना

३०० मिमीच्या तुकड्यावर चार नोंदी कोरून पाहिल्या. तीन पद्धती तपासल्या होत्या. लेझर काळ्या दगडावर फक्त वरचा थर करडा करतो, खोली नगण्य, बोटांनी हाताळून पुसट होतं. लोक नावावरून हात फिरवणारच, म्हणून लेझर बाद. टाकीने हाताने कोरणारे पाथरवट मिळतात आणि त्यांचं काम देखणं असतं, पण १४ मिमीच्या अक्षराला डोलेराइटमध्ये कड सुटते. उरला मारा: रबरी स्टेन्सिल चिकटवून कॉम्प्रेसरने ५ ते ६ बारवर दाणा मारायचा. खोली मोठ्या अक्षरात दीड ते दोन मिमी.

दाणा ॲल्युमिनियम ऑक्साइडचा, ८० मेशचा. साधी वाळू नाही. वाळूच्या धुळीने कारागिराला सिलिकोसिस होतो, आणि तो बरा होत नाही. हवा पुरवणारा टोप घातल्याशिवाय कोणी नळी हातात घ्यायची नाही, ही अट कामाच्या चिठ्ठीतच लिहिली. कर्तव्यावर गेलेल्यांचा फलक करताना कोणाचं फुप्फुस जायला नको.

नमुन्यात त्रास दिला तो अक्षरांच्या पोटातल्या बेटांनी. ष, ण, ळ, क यांच्या आतला रबराचा तुकडा सुटा असतो आणि माऱ्याने उडतो. मग 'ष' चा ठोकळा होतो. उलट अनुस्वाराचं भोक इतकं लहान की दाणा आत पोचत नाही, खड्डा उथळ राहतो. उपाय: पट्ट थिनरने पुसून पूर्ण कोरडा करून मगच स्टेन्सिल, वरून रबरी रूळ, बेटांच्या कडेला नळी काटकोनात धरायची, तिरपी धरली की रबर उचललं जातं, अनुस्वाराचा व्यास रेषेपेक्षा मोठा, साडेचार मिमी.

रंगही पावसाने अडवला. रंग स्टेन्सिल काढायच्या आधीच मारायचा असतो म्हणजे कडा स्वच्छ येतात. हवेत ओल ८५ टक्क्यांच्या वर असताना मारलेला थर स्टेन्सिलबरोबर सोलून आला. खरं काम पावसाचा जोर ओसरल्यावरच.

रंग धुवट पांढरा ॲक्रिलिक. न रंगवलेलं अक्षर कोरडं असताना करडं-पांढरं छान दिसतं, पण भिजलं की काळ्यात हरवतं आणि मुंबईत चार महिने भिजलेलंच असणार. सोनेरी नको. बाजारातला सोनेरी रंग म्हणजे पितळेची भुकटी; खाऱ्या हवेत ती हिरवट-तपकिरी होते.

२० ऑगस्ट

१८ आणि १९ चा पाऊस. चौथऱ्याभोवती पाण्याची रेघ जमिनीपासून २१० मिमीवर. चौथऱ्याची २४० मिमी उंची शिल्लक. पट्टाची खालची कड त्याहून १५० वर. निचऱ्याचं तोंड प्लॅस्टिकने तुंबलं होतं, त्यावर जाळी बसवली.

१२ सप्टेंबर. कोरीव काम

गणपतीच्या बंदोबस्तात कोणाचीच सही मिळत नाही. विसर्जनानंतर दोन दिवसांत सगळे कागद हलले. ३१ ऑगस्टपर्यंत नवं नाव नाही. यादी २४ वर बंद.

बोधचिन्हाचं उत्तर नाही. मथळा फक्त अक्षरांत: 'कर्तव्य बजावताना प्राण वेचलेले या वसाहतीतील पोलीस'.

एका दिवशी एकच पट्ट. मारा, कोरडी हवा मारून धूळ काढणं, दोन पातळ हात रंग, चार तासांनी स्टेन्सिल. कॉम्प्रेसरला पाणी अडवणारा फिल्टर हवाच. वाचायला दोन माणसं: एक सहीचा छाप हातात धरून अक्षर-अक्षर म्हणतो, दुसरा दगडावर बोट ठेवतो. मारा सुरू होण्याआधी एकदा आणि स्टेन्सिल काढल्यावर एकदा.

१ ऑक्टोबर. पट्ट बसवले

ब्रॅकेट, बोल्ट, खुंट्या सगळं ३१६ स्टेनलेस. ३०४ समुद्राजवळ चहाच्या डागासारखे ओघळ सोडतं. ३१६ मध्ये दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं म्हणून ते टिकतं. लोहचुंबकाने दोन्हींतला फरक कळत नाही. मॉलिब्डेनम तपासणीचा थेंब टाकून पाहावा लागतो. आलेल्या मालात एका पुरवठादाराचे आठ बोल्ट ३०४ चे निघाले, परत पाठवले. दुरुस्तीतून उरलेला एखादा साधा लोखंडी वॉशरही मध्ये येऊ द्यायचा नाही, दोन धातू एकत्र आले की आधी तोच गंजतो.

प्रत्येक पट्टाखाली दोन ब्रॅकेट, ४० बाय ४० बाय ५ मिमी, एकावर साधारण ३३ किलो. वरच्या कडेत ६ मिमीच्या दोन खुंट्या, ८ मिमीच्या भोकात ३० मिमी आत. खुंटीचा ब्रॅकेट लांबट भोकाचा, म्हणजे दगडाला वर फुगायला जागा. बोल्ट एम ८, काँक्रीटमध्ये ६५ मिमी. दगड आणि धातूमध्ये ३ मिमी रबर. मागे २० मिमी पोकळी, तिथून हवा फिरते आणि पाणी खाली गळून जातं. ही पोकळी मॉर्टरने भरायची घाई गवंडी हमखास करतो; भरली की चुन्याचे पांढरे ओघळ सांध्यातून बाहेर येतात.

पट्टांमध्ये ६ मिमी सांधा, न्यूट्रल सिलिकॉनचा. व्हिनेगरचा वास येतो ते सिलिकॉन सिमेंटला आणि धातूला खातं.

भिंतीचं तोंड उत्तरेला, त्यामुळे पावसाळ्यानंतर वाचताना पट्टात सूर्य चमकत नाही.

१७ ऑक्टोबर. तालीम आणि फुलं

यंदा २१ ऑक्टोबरला लक्ष्मीपूजन. तीन गोष्टींवर परिणाम: फुलं, फटाके, माणसं.

दादरच्या फुलबाजारात झेंडू त्या आठवड्यात दुप्पट-तिप्पट जातो आणि पहाटे पाचला चांगला माल संपतो. मागणी आजच नोंदवली: झेंडू ८ किलो, शेवंती ४, निशिगंध २. पुष्पचक्राचा सांगाडा बांबूच्या कांबीचा, ६०० मिमी, त्यावर भाताचा पेंढा सुतळीने आवळून. थर्माकोलच्या सजावटीवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, तरी फुलवाले तेच पुढे करतात. पेंढा आदल्या रात्री भिजवून निथळायचा. ओला पेंढा फुलं दुपारपर्यंत धरतो, थबथबलेला असेल तर गणवेशावर पाणी गळतं. चक्र पट्टाला टेकवायचं नाही, लोखंडी तिकाटण्यावर. पणत्या रेतीच्या परातीत.

फटाके: वसाहतीतल्या पोरांनी सकाळी साडेअकरापर्यंत एकही वाजणार नाही असं स्वतःहून ठरवलं.

नायगावच्या मुख्य संचलनाशी वेळ टकरावता कामा नये. बिगुलर आणि गार्ड तिथूनच येतात. आपली वेळ साडेदहा. क्रम: गार्ड 'सलामी शस्त्र', पुष्पचक्र, नाववाचन, 'शोक शस्त्र' (बंदूक उलटी धरणं), बिगुलवर लास्ट पोस्ट ही निरोपाची धून, दोन मिनिटं स्तब्धता, राऊज ही जागं करणारी धून, पुन्हा 'सलामी शस्त्र', 'बाजू शस्त्र'. शोक शस्त्राची हालचाल संथ आहे आणि रोजच्या कवायतीत येत नाही, म्हणून तालमीचा निम्मा वेळ तिलाच.

नाववाचनाचा कागद २० पॉइंटमध्ये, एका ओळीत एक नाव, अवघड जोडाक्षराखाली पेन्सिलची खूण. पद आणि नाव मिळून पाच-सहा सेकंद, २४ नावांना दोन ते अडीच मिनिटं. वाचणारा घाई करतो ती दहाव्या नावानंतर. तिथे कागदावर आडवी रेघ मारून श्वास घ्यायची खूण केली. आधी 'श्री', 'स्वर्गीय' काही नाही. माइक बॅटरीवरचा, जनरेटर बंद.

२१ ऑक्टोबर. पोलीस स्मृतिदिन

१९५९ मध्ये आजच्या तारखेला लडाखमध्ये हॉट स्प्रिंग्जजवळ चिनी सैन्याच्या गोळीबारात केंद्रीय राखीव पोलीस दलाचे १० जवान पडले. जानेवारी १९६० मध्ये पोलीस महानिरीक्षकांच्या परिषदेत हा दिवस पाळायचं ठरलं. नाववाचनाआधी एवढंच बोललं गेलं. भाषण नाही.

सगळं वेळेवर. रात्रपाळी संपवून थेट आलेले बरेच होते, गणवेशातच. वाचताना एकही नाव अडखळलं नाही. गावांहून आलेल्या घरांसाठी खुर्च्या पहिल्या दोन रांगांत, पदाधिकारी तिसऱ्यात. ही मांडणी पुढेही अशीच ठेवावी. कमी पडलं ते पाणी आणि सावली: ऑक्टोबर हीटमध्ये साडेदहालाही वृद्धांना मंडप लागतो. पुढच्या वर्षी ६ बाय ४ मीटर कापडी छत धरायचं.

६ नोव्हेंबर. देखभाल आणि हस्तांतर

महिन्यातून एकदा साधं पाणी आणि मऊ कापड. पक्ष्यांची विष्ठा असेल तर पीएच ७ चा साबण. ॲसिड, खायचा सोडा, तारेचा घासणा, चमक येण्यासाठी खोबरेल तेल, यातलं काहीही नाही. ही सूचना चौथऱ्याच्या मागच्या बाजूला रंगवून लिहिली आहे, कारण सफाईचं काम करणारा माणूस दर वर्षी बदलतो. वार्निश किंवा चमकदार सीलर नको, उन्हाने पिवळा पडतो.

मेच्या पहिल्या आठवड्यात बोल्ट तपासायचे (पाना १३ चा), सांध्यातलं सिलिकॉन नखाने दाबून पाहायचं, निचऱ्याची जाळी साफ करायची. अक्षरांचा रंग सात-आठ वर्षांत पुन्हा द्यावा लागेल. स्टेन्सिलची फाइल, टंकाची फाइल आणि रंगाची छटा पडताळणी नोंदवहीच्या मागच्या खिशात पेन ड्राइव्हवर आणि कागदावर दोन्ही ठेवली आहे.

नवं नाव जागेवर कोरायचं नाही, मैदानात उडणारा दाणा शेजारच्या पट्टांची पॉलिश घालवतो. तिसरा पट्ट उतरवून कार्यशाळेत न्यायचा. आधी वरच्या दोन खुंट्या सैल, मग दोन माणसांनी उचलून ब्रॅकेटवरून पुढे. पट्ट कायम उभाच न्यायचा. आडवा धरला की मधोमध मोडतो.